साडेतीन वर्षांचं मूल आणि आईबाबांची शिकवणी

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. ‘नाही’ म्हटलं की जमिनीवर लोळण घेतो, हात उगारतो, हाताला लागेल ते फेकतो. धाकटी आठ महिन्यांची आहे, तिला तो दोनदा चावलाय. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, “याला कुणाला तरी दाखवा.” म्हणून समुपदेशकांकडे गेलो. त्या मुलाशी थोडा वेळ खेळल्या आणि पुढच्या वेळी आम्हा दोघांनाच यायला सांगितलं. “शिकायचं तुम्हाला आहे,” म्हणाल्या. मला फार लागलं ते. त्रास देतो मुलगा आणि शिकायचं आम्ही? म्हणजे आमचंच चुकलं ना? नवरा म्हणतो, दोन फटके दे, सरळ होईल. माझा ओरडून ओरडून घसा बसलाय. मोठा झाला की होईल का आपोआप शांत?
— एक आई

उत्तर : ‘मला फार लागलं ते’ या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले, कारण नेमके इथूनच अनेक आईबाबा मागे फिरतात. शिकायला सांगितलं म्हणजे दोष दिला असं वाटतं, आणि दुसऱ्या भेटीला कुणी येतच नाही. तुमच्या समुपदेशकांनी योग्य तेच सांगितलंय. मीही हेच सांगितलं असतं.

साडेतीन वर्षांच्या मुलाशी मी आठवड्यातून तासभर कितीही छान बोलले, तरी तिथलं शिकलेलं ते घरी जाऊन वापरू शकत नाही. त्या वयाची तेवढी कुवतच नसते. त्याचा राग उफाळतो तो बूट घालताना, खेळ आवरताना, बहिणीला कडेवर घेतल्यावर. त्या वेळी मी तिथे नसते, तुम्ही असता. म्हणून शिकवायचं ते तुम्हाला.

दोषाबद्दल जरा सविस्तर बोलते. अमेरिकेत ऑरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1960 च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांच्या घरी जाऊन, मूल काय करतं, लगेच आई काय करते, त्यावर मूल पुढे काय करतं, याच्या क्षणाक्षणाच्या नोंदी घेतल्या. त्यातून जे दिसलं ते तुमच्या घरातल्या प्रसंगात घालून सांगते. तुम्ही म्हणता, “खेळणी आवर.” तो ऐकत नाही. “आवर म्हटलं ना!” तो किंचाळतो. तुमचा आवाज चढतो, तो गाडी भिरकावतो. बाळ उठेल या धास्तीने तुम्ही म्हणता, “राहू दे, मीच आवरते.” तो क्षणात शांत होतो. आता बघा, त्याला कळलं की किंचाळलं, फेकलं की सुटका होते. तुम्हाला कळलं की माघार घेतली की शांतता मिळते. दोघांनाही त्या क्षणी हवं ते मिळालं, म्हणून उद्या दोघंही तेच करणार. कधी याच्या उलट होतं. तुम्ही घसा फुटेस्तोवर ओरडता, तो दचकून ऐकतो, आणि ओरडल्याशिवाय काम होत नाही ही खूणगाठ तुमच्या मनात पक्की होते. या साखळीत वाईट माणूस कुणीच नाही. काही मुलं जन्मतःच तापट, चटकन बिथरणारी असतात, त्यांच्या घरी ती लवकर तयार होते, इतकंच. सुरुवात कुणी केली याचा शोध घेत बसू नका. ती तोडणं मोठ्या माणसाला जमू शकतं, साडेतीन वर्षांच्या मुलाला नाही.

मोठा झाला की शांत होईल का? मारणं, ढकलणं, चावणं हे साधारण दोन ते चार या वयातच सर्वाधिक असतं. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी अनेक मुलांना वर्षानुवर्षं पाहून हे दाखवलं. पुढे बहुतेक मुलं शब्द वापरायला, थांबायला शिकतात आणि हे कमी होतं. तेव्हा तुमचा मुलगा चावला म्हणून तो पुढे गुंड होईल असं कुणी म्हणालं, तर कानाआड करा. पण तुमच्या पत्रात आणखी काही आहे. घरी आणि बालवाडीत, दोन्हीकडे हे घडतंय, रोज घडतंय, आणि त्यात लहान बाळाला इजा होतेय. अशा वेळी ‘होईल आपोआप’ म्हणून वाट बघणं मला पटत नाही. सवय जितकी जुनी तितकी ती सोडवायला जड. आत्ता काही महिन्यांत होणारं काम आठव्या-नवव्या वर्षी कितीतरी अवघड जातं.

आता काय करायचं ते. पहिली गोष्ट तुम्हाला विचित्र वाटेल, कारण तिचा शिस्तीशी काही संबंध दिसत नाही. रोज पाच ते दहा मिनिटं त्याच्याशी खेळायचं. वेळ ठरलेली, फोन दुसऱ्या खोलीत, धाकटी बाबांपाशी. खेळ त्याने निवडायचा. ठोकळे, रंग, मातीकाम असं काहीतरी, ज्यात हरणं-जिंकणं नाही. आणि एवढ्या वेळात प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत, चुका काढायच्या नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. आपण मुलांशी बोलतो म्हणजे बहुतेक वेळा त्यांची परीक्षाच घेत असतो. हा कुठला रंग? किती झाले? असं नाही रे, इकडून लाव. त्याऐवजी समोर जे दिसतंय ते बोला. त्याने लाल ठोकळ्यावर निळा ठेवला. “निळा वर ठेवलास.” तो म्हणेल, “पडेल आता.” तुम्ही म्हणा, “हो, पडेल असं वाटतंय.” तो जपून आणखी एक ठेवेल. “किती सावकाश ठेवलास!” मनोरा कोसळला आणि त्याने चिडून ठोकळा फेकला, तर रागावू नका, समजावू नका. नजर वळवा आणि आपल्या पुढ्यातले ठोकळे रचत राहा. तो पुन्हा ठोकळा हातात घेऊन खेळू लागला, की लगेच त्याच्याकडे वळा, “आता परत रचतोयस, मस्त.” त्याला काय मिळालं बघा. फेकल्यावर कुणी बघत नाही, खेळलं की आई माझीच असते.

ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी 1970 च्या दशकात बसवली, त्याआधी ऑरेगनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी तिचा पाया घातला होता. आयबर्ग यांच्या पद्धतीत आई मुलाशी खेळते, तिच्या कानात छोटं यंत्र असतं आणि काचेपलीकडून प्रशिक्षक तिला त्या क्षणी काय म्हणायचं ते हळूच सुचवतो. नुसतं व्याख्यान ऐकून हे अंगवळणी पडत नाही, करताना कुणीतरी सोबत असावं लागतं. म्हणूनच तुम्हाला दोघांना बोलावलंय.

या खेळाबद्दल एकच बजावते. दिवसभर तो कसाही वागला असला तरी ही दहा मिनिटं रद्द करायची नाहीत. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. ज्या दिवशी त्याचं सगळं बिनसलंय त्याच दिवशी ती त्याला जास्त हवी असतात, आणि तुम्हालाही. रागावण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी त्याच्याकडे पाहिलंय असं दिवसातून एकदा तरी व्हायला हवं.

कौतुकाचं म्हणाल तर ‘शहाणा माझा’, ‘गुड बॉय’ यातून मुलाला फार काही कळत नाही. “बाळ झोपलंय म्हणून हळू बोललास, मला खूप आवडलं,” यातून कळतं. ते ताबडतोब म्हणायचं, जवळ जाऊन, जमलं तर पाठीवर हात ठेवून. आणि शेपूट जोडायचं नाही. “आज आवरलंस, रोज असं का नाही करत?” हे कौतुक नाही, टोमणा आहे. मुलाला त्यातलं शेवटचंच ऐकू येतं.

सूचना कमी द्या आणि दिलीत तर ती पूर्ण करून घ्या. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून “चल, बूट घालतोस ना?” असं विचारू नका. त्यावर ‘नाही’ हे बरोबर उत्तर आहे! जवळ जा, त्याच्या उंचीला वाका, शांत आवाजात एकच गोष्ट सांगा, “बूट पायात घाल.” मग गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोजा. या पाच सेकंदांत आपली जीभ वळवळते, दुसरी सूचना, तिसरी सूचना, धमकी असं सुरू होतं. ते थांबवा. त्याने बूट हातात घेतला तरी, “सांगितल्याबरोबर घेतलास.” आणि अंधार पडायच्या आत आवरून होणार नाही अशी कामं त्याला सांगूच नका. साडेतीन वर्षांचं मूल एका वेळी एक छोटं काम करू शकतं.

लोळण घेणं, उगाच किंचाळणं, भुणभुण, याकडे दुर्लक्ष करायचं. पण पूर्ण तयारीनिशी. दुर्लक्ष सुरू केलं की पहिल्यांदा हे वाढतं. रिमोट चालेनासा झाला की आपण ते बटण आणखी जोरात, पुन्हा पुन्हा दाबतो, तसंच मूलही करतं. आजवर चालणारा उपाय आज का चालत नाही, म्हणून ते आवाज वाढवून बघतं. याच दिवसांत ‘हे काही उपयोगाचं नाही’ असं वाटून आईबाबा हार मानतात, आणि मग मुलाला कळतं की इतक्या जोराने किंचाळलं की काम होतं. ते दिवस आधीच ओळखून ठेवा.

चावण्याकडे मात्र दुर्लक्ष करायचं नाही. आधी बाळाला उचला. मुलाला थोडक्यात, खालच्या आवाजात सांगा, “चावायचं नाही.” लांबलचक भाषण नको. मग लक्ष बाळाला द्या. काही मिनिटं त्याला बाजूला बसवण्याची रीत आहे, ती नेमकी कशी करायची, किती वेळ, उठून पळाला तर काय, हे समुपदेशकांकडून प्रत्यक्ष शिकून मगच सुरू करा. अर्धवट केली तर तीही एक झटापट होऊन बसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कधी चावतो ते आठवडाभर लिहून काढा. माझा अंदाज, तुम्ही बाळाला पाजत असता, भरवत असता तेव्हा. मग त्या वेळेआधीच त्याच्या हातात काही द्या, त्याला शेजारी बसवा, आणि त्याने बाळाच्या पायाला हळूच हात लावला तर ते तुमच्या नजरेतून सुटू देऊ नका.

दोन फटक्यांबद्दल तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. फटका दिला की मूल त्या क्षणी थांबतं, म्हणूनच तो उपाय वाटतो. पण तेच वागणं पुन्हा येतं आणि फटक्याचा जोर वाढवावा लागतो. मारलेल्या मुलांमध्ये मारकुटेपणा पुढे वाढतो असं अभ्यासांत वारंवार दिसतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये मारणं आणि अपमानकारक ओरडणं या दोन्हींच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली आहे. तुमच्या घरात तर आठ महिन्यांचं बाळ आहे. मोठ्याने लहानाला मारून ऐकवायचं असतं हे तो शिकला, तर ते वापरायला त्याच्या हाताशी कोण आहे, ते सांगायला नको.

आणि त्यांनाही सत्राला न्या. घरात दोघं दोन तऱ्हेने वागत असतील तर तुमची निम्मी मेहनत वाया जाते.

हे प्रकार आता जुने आणि तपासलेले आहेत. सिअ‍ॅटलच्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे मॅट सँडर्स यांनी याच धर्तीवर अभ्यासक्रम तयार केले आणि ते अनेक देशांत चालतात. वर्तनाच्या गंभीर तक्रारी असलेल्या 3 ते 11 वयाच्या मुलांसाठी ब्रिटनची 2013 ची मार्गदर्शक सूचना पालकांचं प्रशिक्षणच सुचवते. लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांचं निदान 4 ते 6 या वयात झालं, तर गोळीच्या आधी पालकांना प्रशिक्षण द्यावं असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची 2019 ची शिफारस सांगते.

तुमच्याविषयी एक विचारायचं राहिलं. बाळ आठ महिन्यांचं आहे. तुम्हाला झोप मिळते का? कशातच रस वाटत नाही, सारखं रडू येतं असं होतंय का? तसं असेल तर ते तुमच्या समुपदेशकांना पुढच्याच भेटीत सांगा. खचलेल्या मनाने शांत आवाज काढणं फार कठीण असतं. तुमच्यावरचा उपचार हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. फार रडते, डोकं आपटते, केस ओढते. एवढ्या लहान मुलांसाठी काही करता येतं का, की तीन वर्षांची होईपर्यंत थांबायचं?
— एक बाबा

उत्तर : थांबायची गरज नाही. ब्रिटनमध्ये 1 ते 3 वयाची, वर्तनाच्या तक्रारी जास्त असलेली मुलं निवडून 300 कुटुंबांवर एक अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांना नेहमीची आरोग्यसेवा, निम्म्यांना त्याशिवाय सहा वेळा घरभेट. पाच महिन्यांनी तपासलं तेव्हा घरभेटी मिळालेल्या मुलांच्या तक्रारी दुसऱ्या गटापेक्षा कमी होत्या.

त्या भेटींत काय करतात ते मला फार आवडतं. ही पद्धत मूळची नेदरलँड्समधल्या लायडनची. घरी येणारी व्यक्ती आईबाबा आणि मूल यांचं थोडं चित्रीकरण करते. पुस्तक बघताना, खेळताना, खेळ आवरताना. पुढच्या भेटीत ते चित्रीकरण आईबाबांसोबत बसून, थांबवत थांबवत बघायचं. आणि मुलाच्या वतीने बोलायचं. मुलीने झाकण उघडलं आणि क्षणभर बाबांकडे पाहिलं, तिथे चित्र थांबवून म्हणायचं, “बाबा, बघितलंत? मला जमलं!” प्रत्यक्षात ती नजर अर्ध्या सेकंदाची असते आणि धावपळीत ती आपल्याला दिसतच नाही. बाबा कुठे छान वागले ते क्षणही शोधून दाखवतात, आणि तिथूनच पुढचं शिकणं होतं. आईच्या जोडीने दुसऱ्या पालकालाही यात सामील होता येत होतं, म्हणून तुमचं पत्र आलं याचा मला विशेष आनंद झाला.

असं कुणी जवळपास नसलं तरी तुम्ही फोनवर दहा मिनिटांचं चित्रीकरण करून दोघांनी रात्री बघू शकता. एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत. फक्त एवढंच शोधायचं की तिने आपल्याला काय सांगायचा प्रयत्न केला आणि आपल्याला ते कळलं का. डोकं आपटण्याविषयी एकदा बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. या वयाची बरीच मुलं रागात हे करतात, पण तपासून घेतलेलं बरं.

प्रश्न : सूनबाई कुठूनसं शिकून आलीय. नातू जमिनीवर पडून रडतो आणि ही शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसते. माझं काळीज तुटतं. मी जाऊन उचलते, मग ती माझ्यावर नाराज होते. रडणाऱ्या लेकराला उचलणं हा गुन्हा आहे का?
— एक आजी

उत्तर : नाही हो आजी. घाबरलेलं, दुखावलेलं, भुकेलेलं, झोपेला आलेलं मूल रडत असेल तर त्याला तत्काळ जवळ घ्यायचं, सूनबाईंनीही घ्यायचं. त्या फक्त हट्टाच्या रडण्याकडे बघत नाहीत, आणि तसं करताना त्यांच्याही पोटात तुटतंच. पण चार वेळा कुणी उचललं नाही आणि पाचव्या वेळी आजीने उचललं, तर मूल काय शिकतं? जास्त वेळ रडत राहायचं. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवयीला सर्वांत चिवट करतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं.

तुमच्यासाठी यात एक काम आहे आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. तो रडायचा थांबला, श्वास घेतला, उठून बसला, की त्याच क्षणी जा आणि कुशीत घ्या. “झालास शांत? ये माझ्याकडे.” तेवढी वेळ साधा. सूनबाईंना विचारून त्यांच्यासोबत एकदा सत्रालाही जा.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. पाच-सहा शब्दच बोलतो. हाक मारली तर बरेचदा बघत नाही. चिडला की ढकलतो, मारतो. पालकांनी घरी करायचे हे उपाय आम्ही सुरू करावेत का?
— एक बाबा

उत्तर : खेळाची दहा मिनिटं आजपासून सुरू करा, त्यात नुकसान काहीच नाही. दुर्लक्ष करण्याचे आणि बाजूला बसवण्याचे उपाय मात्र अजिबात नको. जे मूल ऐकत नाही असं आपल्याला वाटतं, त्याला कदाचित ऐकूच येत नसेल.

म्हणून सर्वांत आधी श्रवणचाचणी. सर्दी वरचेवर होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, हे या वयात बरंच आढळतं आणि वरून दिसत नाही. दोन वर्षं पूर्ण होताना बहुतेक मुलं दोन शब्द जोडून बोलू लागतात. तुमचा मुलगा तीनचा आहे, त्यामुळे भाषेची तपासणी आणि त्याच वेळी स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीनेही तपासणी व्हायला हवी. डॉक्टरांना ‘फार मारतो’ एवढंच सांगू नका, नाही तर सगळं लक्ष हट्टावर जाईल. तो बोटाने दाखवून काही मागतो का, एखादी गोष्ट दाखवायला तुमच्यापाशी आणतो का, दुसऱ्या मुलांकडे जातो का, हे सांगा. घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्यात मूल वेगळंच वागतं.

झोपही बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून 10 ते 13 तास झोप लागते. तो घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल तर तेही सांगा. अपुऱ्या झोपेचं मूल दिवसभर चिडचिडं असतं.

शब्द नाहीत म्हणून मारणारं मूल शब्द किंवा खूण मिळाली की बरंच निवळतं. तेव्हा ‘दे’, ‘नको’, ‘आणखी’ अशा दोन-तीन खुणा हाताने करून दाखवायला लागा, आणि त्याने केली की त्याच क्षणी त्याला ते द्या. तपासणीची तारीख लांबची मिळाली तरी हे थांबवू नका. आणि आधी येत असलेले शब्द त्याने बोलायचे सोडले असतील, तर तारखेची वाट न बघता याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा.